उसना गडी

शनिवारी मॅचहून घरी आलो की आमच्याकडे एक ठरलेला कार्यक्रम असे. चिरंजीवांची जर्सी आणि मोजे गराजमधल्या बादलीत भिजत टाकायचे, आणि रविवारी सकाळी गवताचे हिरवे डाग कोणी घासायचे यावर आम्हा दोघांत थोडी वादावादी. २०२२ सालच्या सप्टेंबरपासून ती बादली कोरडी राहू लागली. जर्सी जशी इस्त्री करून गेली तशीच परत येई. आधी बरे वाटले, कामच कमी झाले. मग एका रविवारी कोरड्या बादलीकडे बघताना लक्षात आले की पोरगा खेळतच नाहीये.

त्यावेळी तो चौदा वर्षांचा होता. मधल्या फळीत खेळायचा. आम्ही राहतो डॅलसच्या उत्तरेला. हा सगळा भाग फुटबॉलवेडा आहे. अमेरिकन फुटबॉलचे वेड तर आहेच, पण आपल्या फुटबॉलचेही आहे, ज्याला इथे सॉकर म्हणायचे. त्या वर्षी मे महिन्याच्या निवडचाचणीत एका नावाजलेल्या क्लबाच्या ‘अ’ संघात त्याची वर्णी लागली होती. आम्ही देवापुढे पेढे ठेवले, आणि मंडळाच्या पिकनिकला चार जणांना अगदी सहज बोलता बोलता सांगितल्यासारखे सांगितले. वर्षाची फी भरली, ती तीन हजार डॉलरच्या घरात होती. प्रवास आणि हॉटेलचा खर्च वेगळा.

संघात अठरा मुले आणि खेळायचे अकरा. आमचा गडी कधी शेवटची दहा मिनिटे उतरायचा, तेही सामन्याचा निकाल लागून गेल्यावर. लहानपणी आपण गल्लीत ज्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणायचो ना, तसली गत. फरक एवढाच की गल्लीत कच्च्या लिंबाला फी नसे.

परत येताना गाडीत तो गप्प असायचा. एकदा फ्रीवेवर मागच्या सीटवरून आवाज आला, “पुढच्या शनिवारी मी नाही गेलो तर चालेल का? त्यांना कळणारही नाही.”

आम्ही काहीच बोललो नाही. घर येईपर्यंत कोणीच बोलले नाही.

नोव्हेंबरमध्ये त्याच्या प्रशिक्षकाने आम्हाला बोलावून घेतले. आमच्या घरापासून पंचेचाळीस मैलांवरच्या एका छोट्या क्लबाला मधल्या फळीतला खेळाडू हवा होता. “वसंत ऋतूच्या मोसमापुरता त्याला तिकडे द्या, लोनवरच समजा. मेमध्ये पुन्हा चाचणी आहेच,” तो म्हणाला. खरे सांगायचे तर आमचा चांगलाच अपमान झाला. आमचा मुलगा म्हणजे काय शेजारणीला वाटीभर उसनी द्यायची साखर आहे? आणि पिकनिकला ज्या चार जणांना सांगितले होते त्यांना आता काय सांगायचे?

पण त्या रात्री मुलाच्या खोलीतल्या पोस्टरकडे लक्ष गेले. ते रिकार्दो पेपीचे होते.

पेपी हा आमच्याच भागात तयार झालेला मुलगा. जन्म २००३ चा, टेक्सासमधल्या एल पासोचा, आईवडील मेक्सिकोहून आलेले. तेराव्या वर्षी घर सोडून तो आमच्या जवळच्या फ्रिस्कोला, एफसी डॅलसच्या अकादमीत आला. २०२१ च्या मोसमात त्याने डॅलससाठी तेरा गोल केले, अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडूनही खेळू लागला, आणि जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीच्या ऑग्सबर्गने त्याला सुमारे दोन कोटी डॉलर देऊन विकत घेतले. आमच्या मुलाने पोस्टर लावले ते तेव्हाच. पुढे काय झाले? ऑग्सबर्गचा संघ तळाच्या बाजूला झगडत होता. अशा संघाला एकोणीस वर्षांच्या पोराला शिकवत बसायला उसंत नसते. राहिलेल्या अर्ध्या मोसमात पेपीला जर्मन लीगमध्ये एकही गोल करता आला नाही.

मग क्लबाने त्याला लोनवर हॉलंडच्या ग्रोनिंगेनला पाठवले. नावाने लहान क्लब, आणि त्या वर्षी तो इतका वाईट खेळला की मोसमाअखेर खालच्या श्रेणीत गेला. पण पेपी तिथे दर आठवड्याला खेळला आणि लीगमध्ये बारा गोल करून आला. २०२३ मध्ये हॉलंडच्याच बलाढ्य पीएसव्हीने त्याला घेतले, आणि २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे तो डच लीग जिंकणाऱ्या संघात होता. मधे धक्काही बसला. आमच्या प्रशिक्षकाने आम्हाला बोलावले त्याच महिन्यात २०२२ च्या विश्वचषकासाठी अमेरिकेचा संघ जाहीर झाला, आणि गोल करत असूनही पेपीचे नाव त्यात नव्हते. लोनवर गेले की सगळे लगेच आलबेल होते असे नाही. पण खेळत नसता तर पीएसव्हीच्या लोकांनी त्याच्यात बघितले तरी काय असते?

हे ‘लोन’ प्रकरण नेमके असते कसे, ते आम्हालाही तेव्हाच नीट कळले. ट्रान्स्फर म्हणजे कायमची बदली. नवा क्लब जुन्या क्लबाला पैसे देतो आणि खेळाडूशी स्वतःचा करार करतो. लोनमध्ये मूळ करार तसाच राहतो. खेळाडू ठरावीक मुदतीसाठी दुसरीकडे खेळतो आणि पगार दोन क्लबांत ठरेल तसा वाटला जातो. काही वेळा ‘आवडला तर विकत घेऊ’ असे कलम असते, काही वेळा ‘घ्यावाच लागेल’ असे. मोठ्या क्लबांना ही सोय इतकी आवडली की २०१८ च्या सुमारास एकट्या चेल्सीचे चाळीसच्या आसपास खेळाडू बाहेर लोनवर होते. हे अति झाले म्हणून फिफाने जुलै २०२२ पासून नियम आवळले. लोन एका वर्षापुरतेच करता येते, उसना घेतलेला गडी तिसऱ्यालाच उसना देता येत नाही, आणि एका क्लबाने किती जण परदेशी क्लबांना द्यायचे याला मर्यादा आहे. मात्र क्लबाने स्वतः घडवलेली एकवीस वर्षांपर्यंतची मुले या मर्यादेतून वगळली आहेत. कारण त्यांच्यासाठी लोन म्हणजे शाळाच आहे, हे फिफालाही मान्य आहे.

खरे तर ‘बेंच’ आणि ‘लोन’ हे शब्द आपल्या मंडळींना समजावून सांगायला नकोत. २००१ साली आम्ही एम.एस.साठी इथे आलो. डिग्री हातात पडली तेव्हा नोकऱ्यांचा दुष्काळ होता. एका कन्सल्टिंग कंपनीने घेतले, आणि पहिले चार महिने बेंचवर बसवले. त्या चार महिन्यांत आम्ही जितके गंजलो तितके कधीच गंजलो नाही. मग आयोवातल्या एका लहानशा विमा कंपनीच्या कामावर पाठवले. गाव इतके लहान की हिंग आणायला शंभर मैल जावे लागे. तेव्हा रडत गेलो. पण आज जे काही येते त्यातले निम्मे तिथे शिकलो, कारण तिथे काम करणारे दुसरे कोणी नव्हतेच! हे सगळे आपल्याला माहीत असून मुलाच्या वेळी मात्र आठवले नाही.

आठवण करून दिली ती कोल्हापूरहून आप्पांनी. आप्पा मंगळवार पेठेतले. तरुणपणी शाहू स्टेडियमवर खेळलेले. कोल्हापूरचा फुटबॉल म्हणजे पेठापेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही सगळी तालमींची नावे, आणि त्यांचेच फुटबॉल संघ. एका पेठेतला गडी दुसऱ्या तालमीकडून उतरला तर चौकात महिनाभर चर्चा. तेव्हा आप्पा आमचीच बाजू घेतील अशी आमची समजूत. फोनवर सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अरं, नुसता बसवून ठेवलेला पैलवान कधी बघितलास का? एका तालमीत जोड मिळंना तर वस्ताद दुसऱ्या तालमीत धाडतोय. त्यात कमीपणा कसला? पोराला खेळू दे की!”

त्या हिवाळ्यात आम्ही बापलेक-मायलेक मिळून डॅलसच्या मुलांच्या कथा वाचत सुटलो. त्यातली एक ख्रिस रिचर्ड्सची. मूळचा अलाबामाचा, बचावफळीत खेळणारा. फुटबॉलसाठी टेक्सासला आला आणि एफसी डॅलसच्या अकादमीत पोचला. २०१८ च्या उन्हाळ्यात डॅलसने त्याला बायर्न म्युनिकला लोनवर दिले, आणि जानेवारी २०१९ मध्ये बायर्नने त्याला कायमचे घेतले. तिथल्या दुय्यम संघाबरोबर त्याने २०२० मध्ये जर्मनीची तिसरी श्रेणी जिंकली. पण बायर्नच्या मुख्य संघात जागा मिळणे म्हणजे मुंबईच्या लोकलमध्ये विंडो सीट मिळण्यासारखे. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये हॉफेनहाइमला लोनवर, पुढच्या मोसमात पुन्हा तिथेच, आणि २०२२ मध्ये इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेसला कायमचा. मे २०२५ मध्ये पॅलेसने मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला तेव्हा हा अलाबामाचा मुलगा मैदानावर होता. बायर्नच्या बाकावर बसून राहिला असता तर त्याच्या नावापुढे बायर्न हे नाव राहिले असते, एवढेच.

जुने उदाहरण लँडन डोनोव्हनचे. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाचा हा सतरा वर्षांचा मुलगा जर्मनीच्या लेव्हरकुसेनला गेला. तिथे मुख्य संघात जागा मिळेना आणि मनही लागेना. २००१ मध्ये लेव्हरकुसेनने त्याला लोनवर सान होजेला, म्हणजे त्याच्याच राज्यात, परत पाठवले. लोकांना वाटले, पोरगा हरून आला. सान होजेने २००१ आणि २००३ अशी दोनदा अमेरिकन लीगची अजिंक्यपदे मिळवली. पुढे डोनोव्हनने राष्ट्रीय संघासाठी ५७ गोल केले. परत येणे म्हणजे दर वेळी हरणे नव्हे, हे आपल्यातल्या काही कुटुंबांनाही सांगण्यासारखे आहे.

आपल्या सुनील छेत्रीचेही तसेच. २०१० मध्ये तो अमेरिकेत कॅन्सस सिटीला आला, तेव्हा आम्हा देशी मंडळींना कोण आनंद झाला होता! पण लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगने घेतले, तेही दुय्यम संघासाठी. २०१३ च्या सुरुवातीला तो तिथून लोनवर गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे आला, आणि त्या मोसमाची आय-लीग चर्चिलने जिंकली. भारतासाठी नव्वदहून अधिक गोल करणारा हा माणूस. त्यालाही खेळायला मिळेल तिथे जावे लागले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. फ्रेडी आडूचे नाव काहींना आठवत असेल. घानामध्ये जन्मलेला. घरच्यांना ग्रीन कार्डची लॉटरी लागली आणि कुटुंब मेरीलँडला आले. २००४ मध्ये चौदाव्या वर्षी तो अमेरिकन लीगमध्ये खेळला, आणि सगळ्या देशाने त्याला डोक्यावर घेतले. २००७ मध्ये पोर्तुगालच्या बेनफिकाने विकत घेतला. मग लोनवर मोनाको, मग बेलेनेन्सेस, मग ग्रीसमध्ये आरिस, मग तुर्कस्तानात रिझे. चार वर्षांत चार उसनी घरे, आणि कुठेच बस्तान बसले नाही. मोनाकोत तर मोजकेच सामने मिळाले. म्हणजे लोन हे काही औषध नव्हे. एका बाकावरून उठवून दुसऱ्या बाकावर बसवले तर फक्त बाक बदलतो. जिथे गरज आहे तिथे गडी गेला तरच उपयोग.

आता आपल्या मुलांपुरते थोडे व्यवहाराचे. कोणाचे चिरंजीव युरोपची स्वप्ने बघत असतील तर फिफाचा नियम असा की अठरा वर्षांखालील खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होत नाही. अपवाद थोडे आहेत. आईवडील फुटबॉलव्यतिरिक्त कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर, किंवा घर आणि क्लब दोन्ही सरहद्दीला लागून असतील तर. युरोपीय संघातल्या देशांत आपापसांत मात्र सोळाव्या वर्षापासून चालते. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा ख्रिश्चन पुलिसिक सोळाव्या वर्षी डॉर्टमुंडला खेळू शकला तो आजोबांमुळे मिळालेल्या क्रोएशियाच्या पासपोर्टवर. आपल्या आजोबांकडून आपल्याला मिळते ते ओसीआय कार्ड, आणि त्यावर युरोपात तर नाहीच, भारताच्या संघातूनही खेळता येत नाही. तेव्हा अठरापर्यंत थांबणे आले.

इथल्या इथेही नियम आहेत. टेक्सासमध्ये केवळ खेळासाठी शाळा बदलली असे ठरले तर मुलाला वर्षभर शाळेच्या मुख्य संघातून खेळता येत नाही. व्यावसायिक क्लबांच्या बहुतेक अकादम्या फी घेत नाहीत, ही मोठी गोष्ट. पण तिथे गेलेल्या मुलांना सहसा शाळेच्या संघावर पाणी सोडावे लागते. कॉलेजात मात्र आता पुष्कळ मोकळीक आहे. २०१८ मध्ये बदली मागण्यासाठी ‘ट्रान्स्फर पोर्टल’ आले, आणि २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीदाही कॉलेज बदलले तरी लगेच खेळता येते. मोकळीक आली तसा मोहही आला. दर वर्षी कॉलेज बदलणाऱ्या मुलाचा आडू व्हायला वेळ लागत नाही.

आम्ही स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवले. नव्या ठिकाणी याच्या जागेवर खेळणारा दुसरा कोण आहे? प्रशिक्षकाने स्वतः याला मागितले आहे, की कोणीतरी त्याच्या गळ्यात मारले आहे? आणि तिसरा, जो आम्ही सगळ्यात शेवटी विचारला आणि खरे तर सगळ्यात आधी विचारायला हवा होता: पोराला जायचे आहे का?

विचारल्यावर तो म्हणाला, “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही. मला ऑगस्टपासूनच जायचं होतं.” पेढे आम्ही ठेवले होते, आणि त्यांचे ओझे चार महिने तो वाहत होता.

जानेवारी २०२३ मध्ये तो गेला. मोठ्या क्लबाने सोडपत्र दिले, पण उरलेल्या मोसमाची फी काही परत दिली नाही. तेव्हा दोन्हीकडे पैसे भरले. आठवड्यातून तीन संध्याकाळी जाऊन-येऊन नव्वद मैल. शुक्रवारची मित्रांबरोबरची जेवणे बंद झाली, घरातल्या धाकटीने कारमध्येच गृहपाठ करायची सवय लावून घेतली. हा खर्च कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. एका भावाच्या लोनचे व्याज घरातले सगळे भरतात.

पहिला सामना चार-शून्य हरले. नवा संघ खरोखरच कच्चा होता. पण आमचा गडी शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानावर होता. दुसऱ्या गोलात चूक त्याचीच होती. प्रशिक्षक बाजूच्या रेषेवरून ओरडला, आणि पुढच्याच मिनिटाला चेंडू पुन्हा त्याच्याकडेच आला. परतताना तो गाडीत जो बोलायला लागला तो घर येईपर्यंत थांबला नाही. कुठे चुकले, कोणाला पास द्यायला हवा होता, पुढच्या शनिवारी काय करायचे. रात्री गराजमध्ये बादली भरली. त्या रविवारी डाग कोणी घासायचे यावर वाद झाला नाही.

मे महिन्यात मोठ्या क्लबाचा चाचणीसाठी निरोप आला. त्याने तो वाचला आणि फोन उलटा ठेवला. “मी इथेच राहतो,” म्हणाला. आमच्या जिभेवर आलेले आम्ही गिळले. उसना गेलेला गडी तिथलाच झाला.

आता तो बारावीत आहे. कोणी दोन कोटी डॉलर घेऊन दारात आलेले नाही, येणारही नाही. ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या प्रशिक्षकाने पत्र लिहिले आहे. तिसऱ्या श्रेणीतले कॉलेज, म्हणजे खेळासाठी स्कॉलरशिप नाही, फी आपली आपण भरायची. नावाजलेल्या एका विद्यापीठातही प्रवेश मिळण्यासारखा आहे, पण तिथल्या संघात जागा मिळेल की नाही कोणास ठाऊक. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात एका काकांनी विचारले, “मग काय, कुठं जाणार?” आम्ही तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, “काका, अजून ठरवलं नाही. पुढच्या महिन्यात ओहायोला जाऊन त्यांची प्रॅक्टिस बघणार आहे. माझ्या जागेवर कोण खेळतं ते बघायचंय.”